आधी जायचं कुणी?

सुध्याच्या गाडीला पोचा पडलाय, हे त्याने सांगायच्या आधीच कट्ट्यावर कळलं. त्याने गाडी उजवी बाजू भिंतीला चिकटवून लावली होती. एरवी गाडी कशी लावतोय याचं भान नसणारा माणूस एवढी काळजी घेतो म्हणजे काहीतरी लपवायचं असतं.

"तो आडवा आला," सुध्या टेकायच्या आधीच म्हणाला. "मी सरळ चाललो होतो. माझा रस्ता रुंद, तो गल्लीतून आला. हक्क माझाच ना?"

"पाटी कुठली होती?" नानांनी विचारलं. नानांनी आयुष्यभर ट्रक चालवला. गाडीच्या विषयात त्यांचा आवाज चढत नाही, त्यामुळे जास्तच लागतो.

"पाटी नव्हतीच कुठली."

"मग रुंदी काय टेप लावून मोजलीस?"

प्राचीचं लायसन अजून शिकाऊ आहे, त्यामुळे नियम आमच्यात तिलाच पाठ. ती म्हणाली, "पाटी नसेल तर बऱ्याच देशांत उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं असतं. भारतात २०१७ पर्यंत चाललेल्या १९८९ च्या नियमांतही हेच होतं. मेन रोड म्हणून ठरवून दिलेल्या रस्त्यावर शिरत असाल तर त्या रस्त्यावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्या, नाहीतर उजवीकडच्याला. ठरवून दिलेला रस्ता हं! आपल्याला रुंद वाटला म्हणून तो मेन रोड होत नाही."

आम्ही सगळ्यांनी एकदम भिंतीकडे पाहिलं. गाडीची उजवी बाजू दिसत नव्हती, पण दिसायची गरजही उरली नव्हती.

"पण सरळ जाणाऱ्याचं काय? वळणाऱ्याने थांबायचं, एवढं तरी खरं ना?" सुध्याने दुसरा खांब पकडला.

तोही विनयने काढून घेतला. तो जर्मनीत गाडी चालवून आलाय आणि दर चार वाक्यांनी ते सांगतो, पण या वेळी ते कामाचं निघालं. तिथे टोकावर उभा केलेला पिवळा चौकोन दिसला, की आपण आधी जायचा मान असलेल्या रस्त्यावर आहोत असं समजायचं. त्याच चौकोनावर काळ्या तिरक्या रेघा आल्या, की मान संपला. आणि कधीकधी त्या चौकोनाखाली आणखी एक छोटी पाटी असते, तिच्यावर चौकाचा नकाशा. त्यात मोठा रस्ता जाड रेघेने, त्याला मिळणारे बारीक रेघांनी.

"एकदा ती जाड रेघ चौकातच डावीकडे वळलेली दिसली," विनय म्हणाला. "म्हणजे मोठा रस्ताच तिथे वळतो. समोरून नाकासमोर येणारा माणूस थांबून राहिला, कारण त्याची रेघ बारीक. मी वळून निघून गेलो, तरी दोन मिनिटं वाटत होतं की मीच काहीतरी चुकलोय."

"बघ," नाना सुध्याला म्हणाले, "सरळ गेल्याचं बक्षीस नसतं."

मला या सगळ्यात तो 'हक्क' शब्दच खटकतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये स्पष्ट म्हटलंय की हे नियम तुम्हाला आधी जायचा हक्क कधीच देत नाहीत, दुसऱ्याला कधी जाऊ द्यायचं ते सांगतात. तिथे तर पाटी-पट्टे काहीच नसलेल्या चौकात कुणालाच अग्रक्रम नाही, सगळ्यांनीच जपून जायचं. मी हे बोललो, तर सुध्या म्हणे, "म्हणजे वाट बघायची ती मीच, आणि हक्क कुणाचाच नाही. वा!" त्याच्या जागी मीही असंच म्हटलं असतं.

विषय पाट्यांच्या आकारावर कसा गेला ते आठवत नाही. बहुधा आमच्या कोपऱ्यावरच्या पाटीमुळे. आम्ही बसतो तिथून ती पाठमोरी दिसते, नुसता करडा पत्रा. तरीही ती 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या' सांगणारी पाटी आहे हे लहान पोरही सांगेल, कारण टोक खाली केलेला त्रिकोण दुसऱ्या कुठल्या पाटीला नसतो. स्टॉपचा अष्टकोनही तसाच एकटा. यातली खुबी अशी, की मला फक्त माझी पाटी वाचता येते, पण आडव्या रस्त्यावरच्या माणसाला कुठली पाटी लावलीय ते मला तिच्या पाठीवरून कळतं. चिखल बसो, बर्फ साचो, आकार तर जात नाही.

"जपानमध्ये स्टॉपच उलट्या त्रिकोणाची आहे," प्राचीने लगेच मोडता घातला. ते खरंच आहे. लाल त्रिकोण, आत 'थांबा'. सगळ्या जगाला एक नियम लावायला गेलं की असं कुणीतरी निघतंच.

अष्टकोन १९२३ चा, अमेरिकेतला. जितक्या बाजू जास्त तितका धोका मोठा, असा तेव्हाचा हिशेब. वर्तुळाला बाजूच बाजू, म्हणून ते रेल्वे फाटकाला दिलं आणि त्याच्या खालोखाल अष्टकोन थांबायला. आणि ही पाटी तिकडे १९५४ पर्यंत चक्क पिवळी होती, कारण न उडणारा लाल रंग मिळत नव्हता. हे ऐकून विनय जरा हिरमुसला, त्याला माहीत नव्हतं.

खरी जुंपली ती स्टॉप आणि उलट्या त्रिकोणावरून. विनयचं म्हणणं, दोन्ही एकच. वेग कमी केला, दोन्हीकडे पाहिलं, रस्ता रिकामा आहे, निघालो. चाक पूर्ण थांबवायचा हट्ट कशाला?

नाना उठले. "मोबाईल घे. हात लांब करून उभा धर, थोडा उजवीकडे. एक डोळा मीट. हा तुझ्या पुढच्या काचेचा खांब. आता कोपऱ्याकडे चालत ये. प्राची, तू आडव्या रस्त्याने याच्या उजवीकडून ये. दोघं सारख्या अंतरावरून, सारख्या चालीने."

विनयने आधी प्राची मोबाईलच्या आड येईल असा हात जमवला, मग दोघं निघाले. आम्ही बाकीचे बघत होतो. विनय चालतोय, प्राची चालतेय, आणि विनय ओरडतोय, "दिसत नाहीये! अजून दिसत नाहीये!" शेवटची तीन-चार पावलं राहिल्यावर ती मोबाईलच्या कडेने एकदम बाहेर आली आणि तो दचकून मागे सरला.

दोन गाड्या एकाच वेळी एकाच जागी पोचणार असतील आणि वेग कायम असेल, तर एकीतून दुसरी नेहमी त्याच कोनात दिसते. काचेवर ती जागाच सोडत नाही. मग ती खांबाच्या आड असली तर आडच राहते, आणि नसली तरी हलत नसल्यामुळे नजरेत भरत नाही. गाडी हळू केली, तरी समोरचाही त्याच बेताने हळू झाला तर पुन्हा तेच. पण चाक थांबलं की हिशेब मोडतो. नानांनी विनयला पुन्हा चालवलं, या वेळी मध्येच थांबायला लावलं. दोन पावलांत प्राची खांबाबाहेर.

"म्हणून जिथे दिसायची मारामार, तिथे स्टॉप. जिथे लांबून दिसतं, तिथे त्रिकोण," नाना म्हणाले. "आणि थांबूनही दिसत नसेल तर नाक काढत काढत पुढे जायचं, मग निघायचं."

विनय म्हणाला, "हे लायसन देताना का नाही करून दाखवत?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

सर्कलचा विषय लवकर आटपला. पूर्वी आत शिरणाऱ्याला आधी मान असायचा, त्यामुळे आतले अडकायचे, बाहेरचे शिरतच राहायचे आणि सगळंच गच्च. ब्रिटनने १९६६ मध्ये हे उलटं केलं, आतल्याला आधी, आणि सर्कल वाहायला लागलं. पॅरिसच्या एत्वाल चौकात मात्र अजून शिरणाऱ्यालाच मान. तिथे गाडी चालवायची माझी तरी छाती नाही.

मग प्राचीने चौघांचे मोबाईल मागून घेतले आणि कट्ट्यावर अधिक चिन्हासारखे मांडले, तोंडं मध्याकडे. "पाटी नाही. चौघंही एकाच क्षणी पोचले. उजवीकडच्याला आधी सोडायचंय. आता कोण जाणार?"

सुध्या वाकून पाहायला लागला. याच्या उजवीकडे तो, त्याच्या उजवीकडे हा. बोट फिरत फिरत पुन्हा स्वतःच्याच मोबाईलवर आलं.

"कुणीच नाही?"

"नियमाने कुणीच नाही. कुणीतरी हात करून दुसऱ्याला जा म्हणायचं."

"आणि चौघांनीही एकदम हात केला तर?" विनय.

तेवढ्यात सुध्याचा मोबाईल थरथरत स्वतःच जागेवरून सरकला. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर, पण तो सुध्याने ओळखला. त्याने मोबाईल उचलला आणि भिंतीच्या दिशेने चालत गेला. "हां, बोला... हो, मीच... नाही हो, उजव्या दाराला."

प्राचीने त्याच्या रिकाम्या जागेच्या डावीकडचा माझा मोबाईल हळूच पुढे सरकवला.