आत्याच्या गोळ्या बंद करणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या गुरुवारी मोहोळ तालुक्यात आत्याकडे गेलो होतो. तिच्या बाजेशेजारी भिंतीला वहीचं एक पान चिकटवलेलं आहे. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०, आणि प्रत्येक वेळेपुढे सुनेने पेन्सिलीने केलेली बरोबरची खूण. मंगळवार रात्रीपासून पान कोरं. आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेली, पदराचा बोळा दातांत धरून. छातीचा कॅन्सर मणक्यात उतरलाय तिच्या. गोळ्या का थांबवल्या विचारलं, तर जुळे सोलापूरहून आलेल्या आतेभावाने मोबाईल पुढे केला.

मेसेज तुम्हालाही आला असेल. पॅलिएटिव्ह केअर (मोठ्या आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा) म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले. त्यात देतात ती मॉर्फिनची गोळी म्हणजे अफू, तिचं व्यसन लागतं आणि श्वास बंद पडून माणूस झोपेतच जातो, तेव्हा आजच बंद करा. हे गुपचूप दिलेलं इच्छामरण आहे. आणि हे सगळे पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांचे चोचले, खेड्यातल्या माणसाला घरच्यांचं प्रेम पुरे. खाली हात जोडलेले, 'दहा जणांना पाठवा'.

'आजच बंद करा' लिहिणाऱ्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे, म्हणून आधी तेच घेतो.

मॉर्फिन अफूपासून बनतं, खरंय. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते ती औषधासाठीच. पण नशेसाठी घेणारा वेगळा आणि दुखणं थांबावं म्हणून घड्याळ बघून घेणारा वेगळा. रोज घेतल्यावर शरीराला गोळीची सवय होते. एकदम तोडली तर घाम सुटतो, जुलाब होतात, जिवाची तगमग होते. रक्तदाबाच्या काही गोळ्याही अशा एकदम तोडायच्या नसतात, त्यांना कुणी व्यसन म्हणत नाही. आत्याची दोन दिवस हीच गत झाली. मणक्याचं दुखणं परत आलं, त्यावर ही तगमग. ते बघून सून म्हणाली, "बघा भाऊजी, लागलंच की व्यसन, मेसेज खराच होता." म्हणजे हा मेसेज आधी माणसाचे हाल करतो आणि मग तेच हाल पुरावा म्हणून दाखवतो.

श्वासाचं म्हणाल तर डोस लहानापासून सुरू करतात आणि दुखणं बघत पायरीपायरीने वाढवतात. किडनी कमजोर असेल तर डॉक्टर बेताने देतात. सुरुवातीचे काही दिवस गुंगी, मळमळ असते, मग बहुतेकांची कमी होते. बद्धकोष्ठता मात्र हटत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध रोज सोबत लागतं. साध्या गोळीचा असर चारेक तासच टिकतो, म्हणून भिंतीवर त्या वेळा. दुखायला लागल्यावर द्यायची नाही, दुखण्याने डोकं वर काढायच्या आत द्यायची. तिच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तशा गोळ्या पुन्हा सुरू केल्या. शनिवारी आत्या बाजेवर बसून लसूण सोलत होती.

अमेरिकेत या जातीच्या गोळ्या वाटेल तशा लिहून दिल्या गेल्या आणि पुष्कळ माणसं व्यसनात गेली, हे नाकारत नाही. आपल्याकडचं संकट उलटं आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने डॉक्टर आणि दुकानदार इतके धास्तावले की ज्यांना गरज त्यांनाच मॉर्फिन मिळेना. २०१४ मध्ये कायदा बदलून वाट थोडी मोकळी केली. तरी आजही ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. एवढ्या खटपटीने आणलेली गोळी एका फॉरवर्डने बंद होते, याचा संताप येतो.

आता 'हात वर केले'. काही ठिकाणी 'आता घरी न्या' सांगताना हाच शब्द वापरतात, ते मीही ऐकलंय. तेवढ्यापुरता मेसेजवाल्याला दोष देत नाही. पण २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बोस्टनचा एक अभ्यास आला. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना तेच उपचार आणि सोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटात नैराश्य कमी होतं, आणि त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने भरलं, पहिल्या गटाचं ८.९. एकाच प्रकारच्या कॅन्सरवरचा अभ्यास आहे, मान्य. पण हात वर केलेला डॉक्टर रुग्णाला जास्त जगवतो का? इच्छामरणाचा मुद्दाही इथेच संपला. मरण लवकर आणणं किंवा लांबवणं हा या सेवेचा हेतूच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतच आहे.

राहिले 'शहरी चोचले'. केरळात १९९३ साली कोझिकोडला ही सेवा सुरू झाली, पुढे गावोगावचे स्वयंसेवक घरोघर जाऊ लागले, २००८ मध्ये सरकारने धोरणच केलं. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली, म्हणजे खेड्यात हा आजार नाही असंही कुणी म्हणू नये. आणि प्रेमाचं म्हणाल तर ती सून दोन रात्री आत्याचे पाय दाबत जागी होती. त्याने मणक्याचं दुखणं थांबलं नाही. पेन्सिलीच्या खुणा खेड्यातल्या सुनेने केल्या, गोळ्या शहरातल्या पदवीधराने बंद केल्या.

ही सेवा फक्त कॅन्सरसाठी नाही. किडनी, हृदय, पक्षाघात, सगळ्यांना लागते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामांच्या यादीत ती आहे. तुमच्या घरी असं कुणी पडून असेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा, पुन्हा पुन्हा विचारा.

आतेभाऊ म्हणतो, "मी फक्त फॉरवर्ड केला." त्याला सांगितलंय, ज्या ज्या ग्रुपवर तो टाकलास तिथे तिथे हेही टाक.