गोळी विष, तर खाजकुयली अमृत कशी?

गेल्या आठवड्यात मामींना भिंतीवरच्या कालनिर्णयामागे लेव्होडोपाच्या चार दिवसांच्या गोळ्या सापडल्या. मामांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन, होऊन सात वर्षं झाली; त्यावरचंच हे औषध. सकाळी आठची गोळी लागू पडली की ते शर्टाची बटणं स्वतः लावतात. त्या दिवशी त्यांना अंथरुणात कूसही बदलता येईना. विचारलं तर त्यांनी मोबाईल पुढे केला. मेसेज असा: 'पार्किन्सनची गोळी विष आहे. पाच वर्षांत निकामी होते, अंग वेडंवाकडं हलायला लावते. आजच बंद करा. खाजकुयलीचं चूर्ण घ्या, 90 दिवसांत कंपवात मुळापासून जाईल.' खाली, दहा जणांना पाठवा.

आधी 'आजच बंद करा' बद्दल, कारण यात माणूस दगावू शकतो. या आजारात मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचाल सांभाळणारं रसायन, कमी पडतं. ते बाहेरून दिलं तर मेंदूत शिरत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात आणि त्याचं आत गेल्यावर डोपामिन होतं. हा पुरवठा एकाएकी तोडला की काहींचं अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतो, शुद्ध हरपते. गोळी कमी करायचीच असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू.

'पाच वर्षांत निकामी' यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. वर्षं उलटली की गोळीचा असर लवकर उतरतो, अंग नको तेव्हा हलतं. मामांचंही दुपारी साडेतीनच्या सुमारास असंच होतं. पण हा दोष गोळीचा की आजाराचा? इटलीचे न्यूरॉलॉजिस्ट रॉबेर्तो चीलिया आणि सहकाऱ्यांनी घानातल्या 91 रुग्णांची पाहणी केली, ती 2014 साली 'ब्रेन' नियतकालिकात आली. तिथे औषध सहज मिळत नाही. लक्षणं सुरू झाल्यावर सरासरी 4.2 वर्षांनी लेव्होडोपा मिळालं. इटलीतल्या रुग्णांना 2.4 वर्षांनी. गोळीच मेंदू बिघडवत असती, तर घानातल्या लोकांना हे त्रास तेवढेच उशिरा व्हायला हवे होते. तसं झालं नाही. आजार जडल्यापासून दोन्हीकडे साधारण तितक्याच वर्षांनी त्रास सुरू झाले. वजनाच्या मानाने डोस जास्त असेल तर त्रास वाढतो, हेही त्यात निघालं. पण त्यासाठी डोस बघायचा असतो, गोळ्या कॅलेंडरमागे लपवायच्या नसतात. भीतीने औषध लांबवणारा माणूस बटणं लावता येण्याची वर्षं हकनाक घालवतो.

आता खाजकुयली. तिच्या बियांत खरोखर लेव्होडोपा असतं. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 साली ते वेगळं काढून दाखवलं. म्हणजे मेसेजवाले ज्याला विष म्हणतात, तेच ते डब्यात भरून अमृत म्हणून घ्यायला सांगतात! फरक एवढाच की गोळीत किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं, सोबत कार्बिडोपा असतं. त्यामुळे लेव्होडोपा वाटेतच खर्ची पडत नाही, मळमळही कमी होते. चूर्णात कार्बिडोपा नाही. मामा रोज एक चमचा घेत होते. त्यातलं किती मेंदूपर्यंत पोचलं, ते त्यांच्या ताठलेल्या खांद्यांवरून दिसत होतं.

चीलियांनी खाजकुयलीवरही काम केलंय, तेही ज्या गरिबांना गोळी परवडत नाही त्यांच्या काळजीपोटी. 2017 साली बोलिव्हियातल्या 18 रुग्णांवर एकेका डोसची तुलना केली, तेव्हा बियांची पूड गोळीच्या तोडीस तोड ठरली. हे मान्य करायलाच हवं. पण पुढे 14 जणांना ती रोज देऊन पाहिली, तर सात जणांनी मध्येच सोडली: कुणाला पोटाचा त्रास, कुणाची हालचाल आणखी मंदावली. आणि ज्यांना लागू पडली, त्यांचाही आजार गेला नाही. लेव्होडोपा लक्षणं आवरतं, मरणाऱ्या पेशी वाचवत नाही, मग ते बीतून येवो की गोळीतून. '90 दिवसांत मुळापासून' हे साफ खोटं आहे.

साखर सोडल्याने कंप जातो, असंही त्या मेसेजमध्ये खाली लिहिलं होतं. जात नाही.

मामांची गोळी डॉक्टरांना फोन करून पुन्हा सुरू झाली. चूर्णाचा डबा मी पिशवीत ठेवलाय, पुढच्या तपासणीला सोबत नेणार आहे. तुमच्या घरी कुणी असा डबा आणला असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा आणि दिवसाला किती चमचे पोटात जातात ते सांगा. लपवून गोळीसोबत घेतलं, तर लेव्होडोपाचा डोस कुणाच्या नकळत वाढलेला असतो.