प्रोटीन बंद केल्याने गाठ नाही, पेशंट उपाशी राहतो

मावशीची केमो चालू आहे आणि तिने आता प्रोटीन सोडलंय, कारण कुणीतरी तिला तो मेसेज पाठवला: कॅन्सर अमिनो ॲसिडवर (म्हणजे प्रोटीन ज्या छोट्या घटकांचं बनतं त्यांच्यावर) जगतो, एकवीस दिवस प्रोटीन पूर्ण बंद करा, गाठ उपाशी मरेल, 'नेचर' या विज्ञानाच्या मासिकात सिद्ध झालंय, औषध कंपन्या लपवतात, प्रोटीनने किडनीही जाते. पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकाने तरी तो पेपर उघडला होता का?

पेपर आहे, 2017 चा, मॅडॉक्स आणि वूस्डेन या संशोधकांच्या टीमचा, उंदरांवरचा. त्यांनी खाण्यातून सेरीन आणि ग्लायसीन ही फक्त दोन अमिनो ॲसिडं काढली, आणि लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचे) आणि आतड्याच्या एका प्रकारच्या ट्यूमरचे उंदीर जास्त जगले. एवढं खरंय, मान्य. पण बाकीची अमिनो ॲसिडं वाढवून एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं होतं, म्हणजे उंदरांचं प्रोटीन बंद केलंच नव्हतं! शिवाय केरास (KRAS) हा पेशींच्या वाढीचा जीन बिघडलेल्या ट्यूमरवर परिणाम कमीच झाला, कारण त्या पेशी सेरीन स्वतःच जास्त बनवतात. आणि घरच्या जेवणातून नेमकी ही दोनच काढणार कशी, ती तर जवळपास प्रत्येक प्रोटीनमध्ये असतात.

आता सगळ्यात घातक भाग. तुम्ही प्रोटीन बंद केलं म्हणून रक्तातली अमिनो ॲसिडं संपत नाहीत, शरीर स्वतःचे स्नायू तोडून ती रक्तात सोडतं आणि गाठ तिथून घेतच राहते. इकडे दंड-मांड्या सुकतात, खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागतो, जखमा भरायला वेळ लागतो, आणि तब्येत फार खालावली की केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. एस्पेन या युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या संस्थेची कॅन्सर पेशंटसाठीची गाइडलाइन स्पष्ट सांगते की वजनाच्या किलोमागे दिवसाला 1 ग्रॅमपेक्षा जास्त, जमलं तर 1.5 ग्रॅमपर्यंत प्रोटीन द्या. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 90 ग्रॅम, आणि मेसेज म्हणतो शून्य!

काहीजण ॲस्पॅराजिनेज या कॅन्सरवरच्या औषधाचं उदाहरण देतात. ते इंजेक्शन खरंच रक्तातलं ॲस्पॅराजीन हे अमिनो ॲसिड संपवतं आणि लहान मुलांच्या ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) कितीतरी वर्षं वापरलं जातंय, पण ते एन्झाइम आहे, पथ्य नाही, जेवण सोडून तो परिणाम मिळत नाही कारण ॲस्पॅराजीन शरीर स्वतः बनवतं.

कंपन्या लपवतात म्हणे. अहो, हे संशोधन उघड छापलेलं आहे, आणि वूस्डेन तर अशाच आहारावर काम करणाऱ्या फेथ थेराप्युटिक्स या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक आहेत.

राहिली किडनी. ती आधीपासून खराब असेल तर प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टर आणि डाएटिशियन रिपोर्ट बघून ठरवतील, आणि तेव्हाही ते शून्य नसतं.