हिवाळ्यातली लघुशंका

थंडी पडली की आमच्या घरात एकाचेच हाल होतात, आणि तो एक म्हणजे मी. सुभेदार मजेत असतो.

सुभेदार हा आमचा बोका. मुळात अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश, वर जन्मजात फरकोट, तरी रजईचा पाऊण भाग त्याचा. उरलेल्या पावात मी, एक पाय बाहेर. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भांडण आहे ते पाण्यावरून.

थंडीत हा पाण्याला तोंडच लावत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांचे पूर्वज वाळवंटातले, तहान मुळातच बेताची. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, खडे धरतात, आणि बोक्याची मूत्रनलिका आधीच अरुंद. "वाळूत बसून नुसता कुंथतोय असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तसाच उचलून आणा. तुंबलं तर दोन-तीन दिवसांत जीव जातो."

झालं. त्या दिवसापासून मी वही घातली. तारीख, वेळ, वाळूतल्या गोळ्याचा आकार.

"तुझी शी-शू मीही काढली," आई म्हणाली, "पण लिहून नाही ठेवली."

मध्येच सुभेदार शिंकला. आई लगेच माझ्या तापाच्या गोळीचा कोपरा मोडायला बसली. नशीब, मी आधी फोन लावला. डॉक्टरीणबाई किंचाळल्याच: पॅरासिटामॉल म्हणजे मांजराला विष! नाक चोंदलं की त्याला वास येत नाही, आणि वास नाही म्हणून ते जेवत नाही. तेव्हा खाणं जरा कोमट करून द्या, आणि दिवसभर शिवलाच नाही तर घेऊन या. कोमट केलं, त्याने चाटूनपुसून संपवलं. तोवर माझं ताट गार.

पाण्यासाठी घरात पाच वाडगे मांडले, तेही खाण्यापासून लांब, कारण साहेबांना जेवणाशेजारी पाणी चालत नाही. कोरड्या खाण्याऐवजी ओलं सुरू केलं. त्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे फसवून पाजल्यासारखं. वाडग्यांचा उपयोग एकच झाला. पहाटे अंधारात माझा मोज्यासकट पाय त्यातल्या एकात गेला. हिवाळ्यातला ओला मोजा ज्याने घातलाय त्यालाच ते कळेल.

काल रात्री खोकल्याने जाग आली. घसा कोरडा. उशाशी माझा पेला होता आणि त्यात सुभेदाराचं डोकं. लप् लप् लप्. मी खोकला गिळून निपचित पडून राहिलो आणि मोजत गेलो. त्रेसष्ट लप्. मग मिशा झटकून तो रुबाबात खाली उतरला. थोड्या वेळाने कोपऱ्यातून वाळू उकरल्याचा आवाज आला.

मी मोबाइलच्या उजेडात वही उघडली: '२.४०. भरघोस.'

परत आलो तर आता रजई पूर्ण त्याची होती.