धर्माच्या गाईचे दात आणि चेअरमनसाहेबांची पॉवर बँक

दिवाळी तोंडावर आली आहे. तुमची पतसंस्था असेल, सराफी पेढी असेल, दोन विंगांची स्कीम उभी राहत असेल किंवा नुसतंच नगरपालिकेचं तिकीट हवं असेल, तर यंदा लोकांना आपल्या नावाचं काहीतरी वाटावं असं मनात आलंच असणार. जरूर वाटा. मी या विषयात नुकताच अनुभवी झालो आहे. दिवाणाची गादी, एक सोलापुरी चादर आणि टीपॉयचा सनमायका एवढं खर्ची घालून हा अनुभव मिळवलाय, तो तुम्हाला फुकट देतो. फुकट आहे म्हणून त्याची गॅरंटी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ही पद्धत मी आमच्या पतसंस्थेकडून शिकलो.

आधी यामागचं शास्त्र समजून घ्या. पेपरातली जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत. फ्लेक्स आठ दिवसांत नगरपालिका तरी उतरवते, नाहीतर विरोधक तरी फाडतात. वस्तू मात्र घरात शिरते. किराणावाल्याने दिलेलं कॅलेंडर वर्षभर स्वयंपाकघराच्या दाराआड लटकतं, त्यावर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख मांडली जाते आणि रोज दोन-चार वेळा घरातलं कुणीतरी नकळत त्या दुकानाचं नाव वाचतं. एवढी स्वस्त जाहिरात दुसरी नाही. आमच्याच पतसंस्थेने पंचवीसएक वर्षांपूर्वी पहिल्या वार्षिक सभेला सभासदांना स्टीलचा डबा दिला होता. तो आजही आमचे पोहे सांभाळतो. झाकणावर कोरलेलं संस्थेचं नाव झिजलंय, पण उजेडात धरलं की दिसतं. निवृत्तीचे पैसे कुठे ठेवायचे हा प्रश्न आला तेव्हा आईने मुदतठेवीचे व्याजदर विचारले नाहीत. "डबेवाल्यांकडेच ठेव," म्हणाली.

तेव्हा डबा चुकूनही देऊ नका. डब्यावर चार रंगांत फोटो छापता येत नाही.

वस्तू निवडताना एकच बघायचं, आपला चेहरा त्यावर केवढा मावतो. या कसोटीवर आमच्या संचालक मंडळाने यंदा एकमताने पॉवर बँक निवडली. एका अंगाला संस्थेचं बोधचिन्ह, दुसऱ्या अंगाला हात जोडून उभे चेअरमनसाहेब आणि खाली 'सभासदांच्या विश्वासाची अखंड ऊर्जा'. बटण दाबलं की साहेबांच्या कपाळावर निळा दिवा लागतो. सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारायला उभे राहिलेले दोघेही, "भेटवस्तूचं वाटप सुरू झालं आहे" असं माईकवर ऐकताच खाली बसले आणि लगेच उठून रांगेत गेले. त्यातला एक मी. भेटवस्तूचं खरं मूल्य हे असं असतं.

कोटेशन तीन घ्या. तिन्ही एकाच माणसाकडून घेतली तरी चालतात, नाहीतर तो मेहुणा कशाला?

दर ठरला की वरचे आकडे आपोआप ठरतात. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला जा, पुण्यात तपकीर गल्लीत जा किंवा मोबाइलवर फोटो पाठवणाऱ्या एखाद्या भाऊला धरा. "साहेब, वर दहा हजार एमएएच छापू की वीस हजार?" असं तो विचारेल, म्हणजे बॅटरीत चार्ज किती मावतो तो आकडा. भाव तोच. वीस हजार छापून घ्या, सभासदांना तेवढंच समाधान.

बिल मागू नका. बिलावर विकणाऱ्याचं नाव येतं, आणि पुढेमागे कुणीतरी त्याला शोधत जातं.

लहान मुलांना काही द्यायचं असेल तर दिवे लागणारं, चाकं निखळणारं, तोंडात मावणारं काहीतरी द्या. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण ते विकत घेणाऱ्याने बघायचं, संक्रांतीला वाण म्हणून मिळालेल्या भिरभिऱ्यावर कोण बघतंय? अमेरिकेत लोक याचा फार बाऊ करतात. १९९९ साली बर्गर किंगने मुलांच्या जेवणासोबत पोकेमॉनचे प्लॅस्टिकचे चेंडू वाटले. चेंडू मधोमध उघडून त्याच्या दोन वाट्या व्हायच्या. त्यातली एक वाटी तेरा महिन्यांच्या मुलीच्या नाकातोंडावर बसली आणि ती गुदमरून गेली. अडीच कोटींवर चेंडू परत मागवावे लागले. चेंडू आणून देणाऱ्याला बदल्यात काय? तळलेल्या बटाट्यांची छोटी पुडी. त्यांचंही मोजमाप आपल्यासारखंच म्हणायचं. पण निदान मागवले तरी! २०१० मध्ये मॅकडोनाल्ड्सने श्रेक या कार्टूनची चित्रं असलेले १ कोटी २० लाख ग्लास परत घेतले, कारण चित्रांच्या रंगात कॅडमियम हा विषारी धातू सापडला. कुणी आजारी पडलं म्हणून नव्हे, पडू नये म्हणून. आणि ग्लास चीनचे नव्हते, त्यांच्याच देशात बनलेले होते, त्यामुळे ती सबबही गेली.

बाटली देणार असाल तर आतून कसला वास येतो ते हुंगू नका. त्रास होतो.

आता महत्त्वाची सूचना, आर-नंबरची. पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह लागतं आणि सोबत नोंदणीचा क्रमांक: आधी इंग्रजी आर, मग आठ आकडे. हा क्रमांक कुठलाही छापा. मुंगीला चष्मा लागेल इतका बारीक छापा. सभासद तो वाचत नाहीत, मीही वाचला नव्हता. ब्युरोचं 'बीआयएस केअर' नावाचं मोफत ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की कोणत्या कारखान्याची कोणती वस्तू ते अर्ध्या मिनिटात दिसतं. मी टाकला. गादी विझल्यानंतर टाकला. आमच्या अखंड ऊर्जेचा क्रमांक एका एलईडी दिव्यांच्या कारखान्याचा निघाला.

अर्धं मिनिट लागतं हो. नऊ संचालक, एक व्यवस्थापक, दोन शिपाई. सत्काराच्या शाली निवडायला ही मंडळी पाऊण दिवस गाडी करून गेली होती.

झालं ते असं. रात्री साडेअकराला टीपॉयवर ती चार्जिंगला लावलेली. आधी दोन दिवस मला वाटत होतं की चेअरमनसाहेब जरा भरल्यासारखे दिसतात. गाल वर आलेले, कपाळ ताणलेलं. सहकारात हे होतंच म्हणून मी लक्ष दिलं नाही. तर तो सेल फुगत होता. लिथियमचा सेल जास्त भरला किंवा आतून बिघडला की आतलं रसायन वायू सोडतं, चपट्या सेलची पिशवी पापडासारखी फुगते आणि पुढे कधीतरी फाटते. हे थांबवायला आत बोटाच्या पेराएवढी सर्किटची पट्टी असावी लागते, सेल भरला की चार्जिंग तोडणारी. आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग गोड, उग्र वास आणि मग फटाक्याच्या पावसासारखा जाळ थेट गादीवर. बायकोने ती सांडशीत धरून गॅलरीतल्या बादलीत टाकली. आई दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला झोपली होती. आईचं वय ८१ आहे.

चौकातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराने जळका सांगाडा उघडून दाखवला. दोन सेल. एकावर आधीच्या जोडकामाचे टाके, म्हणजे कुणाच्यातरी जुन्या फोनमधून काढलेला. पट्टीची जागा होती, पट्टी नव्हती. "काका, याच्यात बॅटरी कमी आणि नशीब जास्त," म्हणाला.

तर तक्रार घेऊन कुणी आलं की काय म्हणायचं, हेही शिकून घ्या. आमच्या शाखेत मला क्रमाने पुढील उत्तरं मिळाली. "चार्जर कुठला वापरला?" "रात्रभर लावून ठेवली असणार." "बाकी कुणाची तक्रार नाही." "अर्ज लिहून द्या, पुढच्या मीटिंगला ठेवतो." आणि शेवटी, चहा मागवून, अगदी आपुलकीने, "दादा, धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात."

धर्माची गाय?

कुठला धर्म आणि कुणाची गाय? ती पॉवर बँक चेअरमनने घरचं सोनं मोडून आणली होती का? संस्थेच्या नफ्यातून आली. नफा कर्जाच्या व्याजातून आला. व्याज आम्ही भरतो, ठेवी आमच्या, भाग-भांडवल आमचं. आमच्या पैशाने आमच्या घरात जाळ पाठवायचा, त्यावर स्वतःचा फोटो छापायचा आणि वर आम्हालाच भिक्षेकऱ्यासारखं गप्प बसवायचं! लाज वाटत नाही? आणि हे एकट्या आमच्या संस्थेचं नाही. बिल्डर देतो ते मल्टिप्लग, दुकानदार देतो त्या विजेच्या किटल्या, नेते देतात ते सायकलींवर लावायचे दिवे, सगळीकडे हाच हिशेब. नाव मोठं, माल हलका. चांगलं झालं तर "आमच्या साहेबांनी दिलं", आणि पेटलं तर "आम्ही कुठे बनवलं?"

बनवलंत. कायदा म्हणतो तुम्हीच बनवलंत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उघडा. कलम २, पोटकलम ३६, उत्पादक कोणाला म्हणायचं त्याची व्याख्या. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो आपलं चिन्ह लावतो किंवा लावून घेतो, तोही उत्पादक. जुलै २०२० पासून हे लागू आहे. तुम्ही नुसतं चिन्ह लावलेलं नाही, हात जोडलेला फोटो लावलाय. आणि नोंदणीची सक्ती फक्त विकणाऱ्याला आहे असंही समजू नका. नोंदणीच्या सरकारी आदेशात बनवणं, आयात करणं, विकणं यांच्या शेजारीच वितरण हा शब्द आहे. वाटप, साहेब, वाटप. जे तुम्ही माईकवर पुकारलं होतं.

हे सगळं अर्जात लिहून दिलंय, पोच घेतली आहे, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. तेवढ्यापुरता माझा मुद्दा नाही. त्या दिवशी एक हजारावर पॉवर बँका वाटल्या गेल्या. पेटलेली पहिली माझी. बाकीच्या कुणाच्या उशाखाली आहेत, कुणाच्या नातवाच्या दप्तरात, कुणी एसटीच्या प्रवासात सोबत ठेवल्यात. संस्थेकडे प्रत्येक सभासदाचा मोबाइल नंबर आहे. कर्जाचा हप्ता एक दिवस उशिरा गेला तर सकाळी सातला मेसेज येतो. मग "पॉवर बँक वापरू नका, शाखेत परत आणून द्या" हा एका ओळीचा मेसेज धाडायला कोणती मीटिंग लागते? गेल्या तीन आठवड्यांत मला संस्थेचे दोन मेसेज आले. एक वसुबारसेच्या शुभेच्छांचा, दुसरा सोनेतारण कर्जाचा.

बायकोही सभासद आहे, त्यामुळे आमच्याकडे दुसरी पण आहे. तीही फुगायला लागली आहे. टोचायची नाही, दाबायची नाही, ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकायची नाही, एवढं मी वाचून ठेवलंय. घंटागाडीवाल्याला विचारलं तर तो दोन पावलं मागे सरकला. शाखेत घेऊन गेलो तर व्यवस्थापक म्हणाले, इथे नको, इथे रेकॉर्ड आहे. म्हणजे कळतंय त्यांना सगळं.

सध्या ती गॅलरीच्या कोपऱ्यात मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूत पुरून ठेवली आहे. साहेबांचा चेहरा वरच्या बाजूला आहे. शाखा बंद व्हायच्या आत कुणीतरी या आणि घेऊन जा.