पुणे ते दापोली, व्हाया सहा आठवडे

तर झालं असं की डिसेंबरात सायकलने दापोलीला जाऊया असं मी मिसळ खाताना बोलून गेलो. मिसळ खाताना माणसाने काही ठरवू नये, तर्री डोक्यात जाते. समोर बसलेले दोघे, एक बँकवाला आणि एक डॉक्टर (दातांचा, पण आमच्यात कुणाचा गुडघा दुखला तरी यालाच विचारतात), दोघंही पाव तोंडात असतानाच हो म्हणाले. मला वाटलं जमलं, आता फक्त रस्ता बघायचा, आणि रस्ता बघायला असा किती वेळ लागतो. सहा आठवडे लागतात.

माझं पहिलं गणित तर फारच देखणं होतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, दापोली 240 च्या आसपास, म्हणजे निव्वळ 300 मीटर उतार. मी बायकोला कागदावर तिरकी रेघ मारून दाखवली, इथे आपण, इथे दापोली. तिने रेघेकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "मग सायकल कशाला नेतोस, असाच घरंगळत जा की."

मग ॲप उघडलं. पुण्यावरून कोकणात जायचं तर मध्ये सह्याद्री आहे हे शाळेत शिकलेलो असतो, पण तो नकाशात चॉकलेटी रंगाचा एक पट्टा असतो, तो पायाने चढायचा असतो हे कुणी सांगत नाही. एका ॲपने सांगितलं एकूण चढाई 2,100 मीटर. दुसऱ्याने त्याच रस्त्याला 2,900 दिली. तिसरं म्हणालं 1,750 आणि वर अंगठा दाखवला. तिघांत माझा जीव 1,750 वर जडला हे सांगायला नकोच, पण डॉक्टरला असल्या गोष्टींचा छंद आहे, त्याने समजावलं की ही ॲपं उपग्रहाने मोजलेल्या उंचीवर चालतात, त्यात जमिनीचे साधारण 30-30 मीटरचे चौकोन पाडलेले असतात, आणि आपला घाटरस्ता सहा-सात मीटरचा, एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला दरी. त्यामुळे रेघ जराशी सरकली की ॲपला वाटतं तुम्ही कड्यावर चढलात, मग दरीत उडी मारलीत, मग परत कड्यावर. म्हणजे त्या जादाच्या 800 मीटरमध्ये मी कागदोपत्री चार-पाच वेळा दरीत पडलो होतो. हे बायकोला सांगितलं नाही.

आता घाट कुठला. ताम्हिणीने गेलं तर पिरंगुट, पौड, मुळशीचं धरण, खाली विळे, माणगाव आणि पुढे आंबेतवरून खाडी ओलांडून म्हाप्रळ, मंडणगड, दापोली. वरंधने गेलं तर भोर आणि मग महाड. आणि तिसरा, ज्याचं नावही काढायला नको होतं, तो म्हणजे वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि मग आंबेनळीने पोलादपूर. हा बँकवाल्याने काढला. मी त्याला म्हटलं अरे महाबळेश्वर 1,350 मीटरवर आहे, आपल्याला खाली समुद्राकडे जायचंय, तू जिना उतरायला गच्चीवर कशाला चढतोयस. तर म्हणे डिसेंबरात स्ट्रॉबेरी असते. त्याला म्हटलं मंडईत पण असते. तेव्हापासून तो रुसला तो रुसलाच, ग्रुपवर नुसता निळी टिक देऊन गप्प.

ग्रुपचं नाव आधी 'दापोली' होतं. मग 'दापोली फायनल'. मग कुणीतरी पोल टाकला, तीन जणांच्या ग्रुपमध्ये पोल, आणि त्यात तीन पर्यायांना एकेक मत पडलं.

इथपर्यंत गोष्ट तिघांत होती. मग मी चूक केली आणि घरी जेवताना विषय काढला. आपल्याकडे पगार किती हे एक वेळ माणूस विचारणार नाही पण कुठे जाताय म्हटल्यावर रस्ता सांगितल्याशिवाय राहणार नाही. बाबा लगेच म्हणाले वरंध. का, तर 1984 साली ते एसटीने वरंधने गेले होते आणि वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबली तेव्हा खाल्लेली भजी त्यांना अजून आठवतात. रस्ता कसा होता विचारलं तर म्हणाले झोपलो होतो. मी सांगितलं की बाबा, तो घाट हल्ली पावसाळ्यात तर बंदच ठेवतात, दरडी येतात, नंतरही काय अवस्था असेल ते बघायला लागेल. तर म्हणाले, "भजीवाला बसतो ना? मग रस्ता चालू आहे." खरं सांगू का, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आईचा प्रश्न एकच, जेवणार कुठे. रस्ता कुठलाही असो. मी सांगायला लागलो की ग्रेडियंट असा आहे, अमुक ठिकाणी 9 टक्के चढ आहे, ती म्हणाली ते असू दे, जेवणार कुठे.

दापोलीच्या आत्याला फोन केला तर तिला वाटलं माझी नोकरी गेली. "अरे एसटीचं तिकीट मी काढून देते, सायकलने कशाला?" अर्धा तास समजावल्यावर तिला पटलं की नोकरी आहे आणि तरी हे करतोय, तेव्हा जास्त काळजी वाटायला लागली तिला. आणि मग तिने ते ब्रह्मास्त्र काढलं जे त्या तालुक्यातला प्रत्येक माणूस काढतो, की आमच्या मुरुडचे अण्णा कर्वे परीक्षेला साताऱ्याला चालत गेले होते. हे मात्र खरं आहे. महर्षी कर्व्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, 110 मैल, म्हणजे 177 किलोमीटर, भर पावसात, डोंगरातून, आणि तिथे पोचल्यावर वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. मी आत्याला म्हटलं बघ, म्हणजे माझ्यापेक्षा काय वेगळं केलं त्यांनी? ती म्हणाली ते परीक्षेला गेले होते रे, तू कशाला येतोयस? फोन मीच ठेवला. पण रात्री विचार येत होता की माणूस नुसता पायाला पाय लावून साताऱ्याला पोचला, आणि माझ्याकडे बावीस गिअर, तीन ॲप आणि 14 टॅब उघडे आहेत आणि मी अजून कोथरूडमध्ये आहे.

शेवटी ताम्हिणी ठरलं. ठरलं म्हणजे बँकवाला रुसलेला असल्यामुळे दोन विरुद्ध शून्य. पण मग नवीन त्रांगडं, आंबेतचा पूल. सावित्रीच्या खाडीवरचा हा पूल मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा गाड्या बोटीत घालून पलीकडे न्यायचे. आता पूल चालू आहे की नाही हे कुणाला विचारणार? हर्णैच्या एका लॉजवाल्याला फोन केला. "पूल चालू आहे का?" "चालू आहे, या." "आणि बोट?" "तीपण चालू, या." "आणि दोन्ही बंद असले तर?" "तरी या." पुढच्या माणसाने सांगितलं पूल चालू झालाय म्हणून बोट बंद. त्याच्या पुढच्याने सांगितलं बोट आहे ना, मग पूल कशाला चालू ठेवतील. लॉजिक दोघांचंही पक्कं होतं, फक्त दोन्ही एकत्र केलं की माझ्या वाट्याला नुसती खाडी उरत होती.

सहा आठवड्यांत खरी माहिती मिळाली ती एकाच ठिकाणी, आणि तीही न विचारता. हवा भरायला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो होतो. माझ्या सायकलचा व्हॉल्व्ह तो बारका, प्रेस्टा म्हणतात तो, टोकाला इवलीशी चकती असते ती सोडवून दाबायला लागते. त्याने अंगठ्याने दाबून बघितला, फुस्स झालं, त्याने हात मागे घेतला. "ही सलाईनची नळी कुणी लावली?" त्याच्या पंपाचं तोंड मोटरसायकलच्या मापाचं, त्यात हा जातच नाही, त्यासाठी पितळेची एक पिटुकली टोपी मिळते, ॲडॉप्टर, ती मी ऐटीत खिशातून काढली आणि ती हातातून सुटून थेट त्याच्या ट्यूब बुडवायच्या घमेल्यात पडली. ते पाणी तुम्ही बघितलंय, मी वेगळं सांगत नाही. मी, तो, आणि स्कूटर घेऊन आलेले एक काका, तिघं कोपरापर्यंत हात घालून चाचपडत होतो, काकांना एक बेअरिंग मिळालं, मला एक नट मिळाला, आणि त्या दहा मिनिटांत त्याने विचारलं कुठे निघालात. म्हटलं दापोली. त्याचा हात पाण्यातच थांबला.

"म्हाप्रळवरनं?"

तो मंडणगडचा निघाला. महिन्यापूर्वीच गावी जाऊन आलेला, पुलावरूनच. मग त्याने पाण्यातून हात न काढता सगळा रस्ता सांगितला. "ताम्हिणी उतरताना ब्रेक दाबून धरून ठेवू नका, सोडत सोडत दाबा, रिम तापतो. माणगावात पोटभर खाऊन घ्या. हायवेला थोडंच जायचंय पण ट्रकवाल्यांना तुम्ही दिसत नाही असं धरून चाला. म्हाप्रळ सोडलं की चढ. मंडणगड येईस्तो जीव निघंल. दुपारी बारानंतर त्या चढाला लागूच नका, सावली नाही." डॉक्टरच्या एक्सेल शीटमध्ये, ज्यात 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तास देतात त्या हिशोबाने प्रत्येक गावाची वेळ दिलेली होती, त्यात मंडणगडचा चढ दुपारी 12:40 ला होता. ॲडॉप्टर त्यालाच सापडला. पैसे घेतले नाहीत, म्हणाला गावाकडचे तुम्ही. मी सदाशिव पेठेत जन्मलोय, पण गप्प बसलो.

मग निघायची वेळ पहाटे पाचवरून साडेतीन झाली. बँकवाला रुसवा सोडून आला, कारण आईने तिघांना पुरतील एवढ्या गूळपोळ्या दिल्यात हे मी ग्रुपवर टाकलं होतं.

ठरल्या दिवशी बरोब्बर साडेतीनला निघालो. स्वेटर, हेल्मेट, पुढे पांढरा दिवा, मागे लाल, हँडलवर मोबाईल आणि त्यात सहा आठवडे घासूनपुसून केलेली जांभळी रेघ. पौड रोडने वीसेक मिनिटांत चांदणी चौकात आलो. आता चांदणी चौक जुना राहिलेला नाही, जुना पूल 2022 मध्ये स्फोट लावून पाडला आणि 2023 मध्ये नवीन उघडला, आणि आता तिथे इतके रॅम्प आहेत की जांभळी रेघ तिथे पोचल्यावर शेवयांसारखी दिसायला लागली. डॉक्टर म्हणाला डावीकडे. बँकवाला म्हणाला सरळ. मी रेघेकडे बघत होतो आणि रेघ एका पुलाच्या खाली होती की वर होती हे काही केल्या कळेना. पाच मिनिटांनी आमच्या बाजूने मोठमोठे ट्रक जायला लागले, थोड्या वेळाने एक हिरवी पाटी आली आणि तिच्यावर लिहिलं होतं सातारा.

सायकली हातात धरून, कडेकडेने, उलटे चालत आलो. रॅम्पच्या तोंडाशी एक पेपरवाला गठ्ठे सोडत बसला होता. त्याला म्हटलं दादा, पिरंगुटकडे कुठून? त्याने आमच्या तिघांच्या हेल्मेटवरचे दिवे बघितले.

"कुठपर्यंत?"

"दापोली."

त्याने सुतळी तोडली, गठ्ठा बाजूला ठेवला आणि नीट वळून बसला.

"मग वरंधनं का नाही जात?"