कंपनीचा लोगो नाही गं, ती बेटी बूप आहे!

परवा भाची घरी आली. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीवर काळ्या कुरळ्या बटांची, टपोऱ्या डोळ्यांची बेटी बूप, जुन्या अमेरिकी कार्टूनमधली. मी म्हटलं, "अरे वा, बेटी!" तर म्हणते कशी, "मावशी, हिला नाव पण आहे? मला वाटलं कंपनीचा लोगो आहे."

कपाळावर हात मारला. मग वाटलं, पोरीचं तरी काय चुकलं? बेटी कॉफीचे मग, किचेन, पायजमे सगळीकडे दिसते, पण तिला चालता-बोलताना पाहिलेलं माणूस शोधावं लागतं. बसवलं तिला शेजारी आणि यूट्यूबवर तिची १९३२ची कार्टून फिल्म 'मिनी द मूचर' लावली.

सुरुवातीला जाझ गायक कॅब कॅलोवे प्रत्यक्ष नाचताना दिसतो, पाय जमिनीवर घसरत असल्यासारखे. मग बेटीचं घर. पोरगी जेवत नाही म्हणून बाप ओरडतोय, ओरडता ओरडता त्याच्या डोक्याचा ग्रामोफोन होतो. (इथे भाची खो-खो हसली. आमचे भावजी साधारण असेच आहेत.) बेटी चिठ्ठी लिहून रात्री बिंबो नावाच्या कुत्र्याबरोबर पळून जाते. पुढे एका गुहेत वॉलरसचं भूत कॅलोवेच्याच आवाजात गातं आणि अगदी त्याच्यासारखंच नाचतं. ही बेटीच्या फिल्म काढणाऱ्या मॅक्स फ्लायशरच्या रोटोस्कोपची करामत, म्हणजे खऱ्या माणसाच्या फिल्मवरून एकेक चित्र गिरवायचं. शेवटी घाबरलेली बेटी धूम ठोकत घरी येऊन पांघरुणात शिरते, चिठ्ठी फाटते आणि उरलेल्या तुकड्यावर राहतं 'होम स्वीट होम'.

आईबापांशी भांडणारी, घर सोडणारी, घाबरून परत येणारी मुलगी. १९३२ साली, कार्टूनमध्ये! त्या काळातली मिनी माऊस आठवा. गोड आहे, पण मिकीची मैत्रीण म्हणूनच. बेटीला नवरा नाही, ठरलेला हिरो नाही, आणि थोड्याच काळात मालिकाच तिच्या नावाने चालू लागली. माझं ठाम मत आहे की लोक तिला विसरत नाहीत ते आखूड झग्यामुळे नाही. तिला स्वतःचं आयुष्य होतं म्हणून.

जन्म मात्र अगदी किरकोळ. ऑगस्ट १९३०च्या 'डिझी डिशेस'मध्ये ती चक्क कुत्री होती, लोंबत्या कानांची पूडल! चित्रकार ग्रिम नॅटविकने रेखाटलेली एक दुय्यम गायिका, बास. १९३२पर्यंत कानांच्या जागी गोल रिंगा आल्या आणि कुत्रीची बाई झाली. मे क्वेस्टेलचा तो लाडिक, खोडकर आवाजही तोवर जुळला होता.

आवाजावरून कोर्टबाजीही झाली. गायिका हेलन केनने अडीच लाख डॉलरचा दावा ठोकला की माझी नक्कल केलीत. १९३४मध्ये ती हरली, कारण बेबी एस्थर नावाची कृष्णवर्णीय बालकलाकार तिच्याआधीच तशी गात होती, असा पुरावा पुढे आला. अधूनमधून "ही बघा खरी बेटी बूप" म्हणत एस्थरच्या नावाने फोटो फिरतात. फॉरवर्ड करताना जरा दम धरा. गाण्याच्या त्या ढंगाचं श्रेय एस्थरला द्यायलाच हवं, पण बेटीचा चेहरा तिच्यावरून घेतला होता, असं नाही.

सगळंच गोडगोड होतं असंही नाही. १९३२च्याच एका फिल्ममध्ये लुई आर्मस्ट्राँगसारख्या जाझ कलावंताचं मुंडकं नरभक्षक म्हणून मागे धावतं. संगीत अप्रतिम, चित्र आज बघवत नाही. पण 'बूप-ऊप-अ-डूप' ही फिल्म बघाच. सर्कसचा मालक तिच्या अंगचटीला जातो, नोकरीची भीती घालतो, आणि ती गाण्यातूनच त्याला सांगते, माझं बूप-ऊप-अ-डूप हिरावून घेऊ नकोस. शब्द निरर्थक, पण अर्थ कुठल्याही नोकरदार बाईला लगेच कळेल.

आणि मग १९३४. हॉलिवूडने हेज कोड, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं नाही याची नियमावली, कडक केला. बेटीचा झगा लांब झाला, मांडीवरचा गार्टर गेला, ती गुणी मुलगी झाली. घर आवरते, पजी नावाच्या कुत्र्याला सांभाळते, ग्रँपी नावाच्या म्हाताऱ्याचे शोध बघून टाळ्या वाजवते. स्वतःच्याच मालिकेत पाहुणी! कापड वाढलं त्याचं मला काही नाही. भुतं गेली, जाझ गेलं, पळून जाणं गेलं, ते खरं नुकसान. १९३९मध्ये मालिका बंद पडली. गंमत म्हणजे पडद्यावर खलाशी पॉपॉय पहिल्यांदा आला तो १९३३मध्ये, हिच्याच मालिकेत. त्याचं दुकान जोरात चाललं.

१९८८च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' या सिनेमात ती क्षणभर भेटते. रंगीत गर्दीत एकटी कृष्णधवल, गळ्यात सिगारेटचा ट्रे. कार्टून रंगीत झाल्यापासून काम जरा कमीच मिळतं, म्हणते. आवाज पुन्हा मे क्वेस्टेलचाच, ऐंशीला टेकलेल्या बाईचा. मला तिथे दर वेळी गलबलून येतं.

भाचीला हे सगळं ऐकवत होते तोवर तिने माझ्या हातातला रिमोट कधीच काढून घेतला होता. "मावशी, अजून एक लाव ना. पण ती लांब झग्यातली नको हं."

तिसरी संपेपर्यंत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, दोघींनीही मोजल्या नाहीत.